द्वारपंडित आणि द्वारपाल : परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांचा इतिहास

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा कागदांचें एक पुडकें घेऊन आमच्याकडे आला. परदेशांतील एका विद्यापीठानें त्यास प्रवेश दिला होता. परंतु व्हिसा म्हणून जो प्रवेशपरवाना लागतो, तो सत्र सुरू होईपर्यंत हातीं आला नाहीं व तें वर्ष फुकट गेलें. पुडक्यांत विद्यापीठाचें स्वीकृतिपत्र, बँकेच्या शिलकेचा दाखला, वडिलांच्या घराचें मूल्यमापन, गुणपत्रिका, शुल्काच्या पावत्या असे एकंदर एकतीस कागद होते. "आतां हे रद्दींतच घालायचे ना, सर?" असें त्यानें विचारिलें. आम्हीं ते ठेवून घेतले. कां ठेवून घेतले, हें सांगणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ज्यांनीं जुनीं दप्तरें चाळलीं आहेत, त्यांस दस्तक, राहदारीचा परवाना, कौल, अभयपत्र हे कागद परिचित आहेत. कोण जातो, कोठून कोठें जातो, बरोबर काय आहे, व वाटेंत चौकीपहाऱ्यानें त्यास मुजाहीम होऊं नये, एवढेंच त्यांत असतें. परंतु राज्याची भीति कोठें होती व विश्वास कोणावर होता, हें अशा चार ओळींतून जितकें कळतें तितकें मोठ्या तहनाम्यांतूनही कळत नाहीं. परदेशी विद्यार्थ्याचा परवाना ह्याच कुळांतला आहे. त्याचा इतिहास पाहतां तीन गोष्टी ठळकपणें दिसतात. पहिली, राज्यें दार लावितात तें बहुधा मजुरांसाठीं किंवा शत्रूंसाठीं. विद्यार्थी हा कायद्यांत अपवाद म्हणून येतो. दुसरी, अपवाद सिद्ध करण्यास कागद लागतो, आणि हळूहळू विद्येपेक्षां कागदाचीच परीक्षा होऊं लागते. तिसरी, हा कागद तपासण्याचें काम अखेर विद्यापीठाच्याच गळ्यांत पडतें.

प्राचीन काळाकडे पाहूं. ह्युएनत्संग हा चिनी यात्रिक इ. स. ६२९ च्या सुमारास स्वदेशांतून निघाला, त्या वेळीं सरहद्द ओलांडण्यास तांग बादशहाची मनाई होती. तो चोरून निघाला. म्हणजे राज्याचें दार त्यास बंद होतें. नालंदेचें दार मात्र निराळ्या प्रकारचें होतें. परक्या प्रदेशांतून वादासाठीं येणाऱ्यास तेथील द्वाररक्षक कठीण प्रश्न विचारीत व दहांपैकीं सात-आठ जण निरुत्तर होऊन परत जात, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. विक्रमशिलेच्या परंपरेंत तर द्वारपंडित ही पदवीच होती. दार कडक होतें खरें. पण तें विद्येचें होतें, आणि त्यावर उभा असलेला मनुष्य स्वतः पंडित होता. इ. स. ६४५ मध्यें ह्युएनत्संग ग्रंथसंभार घेऊन परतला, तेव्हां ज्या दरबाराची आज्ञा त्यानें मोडली होती त्याच दरबारानें त्याचा सत्कार केला.

युरोपांत ह्या विषयाचें आद्य शासन म्हणजे सम्राट् फ्रेडरिक बार्बारोसा ह्याचें. बोलोन्या येथें धर्मशास्त्र व रोमन कायदा शिकण्यास दूरदूरचे विद्यार्थी येत. त्या काळीं एका देशच्या मनुष्यानें कर्ज बुडविलें, तर सावकार त्याच्या कोणत्याही देशबांधवास धरीत असे; परदेशी विद्यार्थी हें अर्थातच सोपें सावज. फ्रेडरिकनें इ. स. ११५८ च्या शासनानें विद्येस्तव प्रवास करणाऱ्यांस सुरक्षित येण्याजाण्याची व राहण्याची हमी दिली, देशबांधवांच्या कर्जासाठीं त्यांस धरण्याची मनाई केली, आणि त्यांचा न्याय त्यांच्या गुरूकडे किंवा बिशपाकडे सोंपविला. आमच्या परिभाषेंत हें अभयपत्रच होय. येथें गुरु हा विद्यार्थ्याचा रक्षक आहे, हें लक्षांत ठेवावें. कारण पुढें हेंच नातें उलटें झालें.

तें कसें उलटलें हें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या कायद्यांत क्रमाक्रमानें पाहतां येतें. इ. स. १८८२ च्या कायद्यानें चिनी मजुरांस बंदी झाली. शिक्षक, विद्यार्थी व व्यापारी ह्यांस १८८० च्या तहानें मोकळीक होती. परंतु आपण मजूर नाहीं हें दाखविण्यास चीन सरकारचा इंग्रजी मजकुराचा दाखला आणावा लागे. त्यांत नांव, वय, उंची, अंगावरील खुणा, धंदा, राहण्याचें ठिकाण, सर्व लिहिलेलें असे. १८८४ च्या दुरुस्तीनें त्यावर अमेरिकन वकिलाची सहीही आवश्यक झाली. पुढें १९०० सालीं अर्थखात्यानें विद्यार्थी ह्या शब्दाची व्याख्या केली : जो उच्च विद्येसाठीं किंवा स्वदेशीं न मिळणाऱ्या धंदेशिक्षणासाठीं येतो, ज्याच्या निर्वाहाची तजवीज झालेली आहे, व जो शिक्षण संपतांच परत जाईल, तोच विद्यार्थी. आज बँकेचा दाखला व परतण्याची हमी मागतात, त्याचें मूळ येथें आहे.

व्याख्येचा परिणाम लौकरच दिसला. कुंग ह्सियांग-ह्सी व फेइ ची-हाव हे दोन तरुण ओहायो संस्थानांतील ओबर्लिन कॉलेजांत शिकण्यासाठीं सप्टेंबर १९०१ मध्यें सॅन फ्रान्सिस्कोस उतरले. त्यांजपाशीं ली हुंग-चांग ह्या चीनच्या सर्वश्रेष्ठ मुत्सद्द्यानें दिलेले परवाने होते. बंदरावरील अधिकाऱ्यांनीं ते ठराविक नमुन्याबरहुकूम नाहींत म्हणून नाकारले. कॉलेज घेण्यास तयार, खर्चाची सोय झालेली, उद्देशाविषयीं शंका नाहीं. तरी ओबर्लिनला पोंचण्यास त्यांस जानेवारी १९०३ उजाडला. सोळा महिने गेले ते एका नमुन्यापायीं. ह्यांतील कुंग हा पुढें चीनचा अर्थमंत्री झाला.

अशा वागणुकीचा परिणाम केवळ दोन तरुणांवर होत नाहीं. १९०५ सालीं चिनी शहरांतून अमेरिकन मालावर बहिष्कार पडला, त्याच्या कारणांत व्यापारी व विद्यार्थी ह्यांचा बंदरांवर होणारा अपमान हें एक होतें. त्याच सुमारास जपानांत चिनी विद्यार्थ्यांची संख्या हजारांनीं मोजली जात होती, अमेरिकेंत ती शेंकड्यांतच होती. जपान जवळचें व स्वस्त होतें हें खरें. पण दार उघडें होतें हेंही खरें. इलिनॉय विद्यापीठाचे अध्यक्ष एडमंड जेम्स ह्यांनीं १९०६ सालीं अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांस लिहिलें कीं, जें राष्ट्र चीनच्या तरुण पिढीस शिकवील त्यास पुढें व्यापारांत व वजनांत त्याचें फळ मिळेल. १९०८ मध्यें बॉक्सर दंडाच्या रकमेचा कांहीं भाग परत करण्याचें ठरलें, १९०९ मध्यें त्यांतून ४७ विद्यार्थ्यांची पहिली तुकडी निघाली, व १९११ मध्यें त्यांच्या पूर्वतयारीसाठीं पेकिंगजवळ त्सिंगह्वा विद्यालय उघडलें. धोरण बदलतांच विद्यालयें उठतात व बसतात, ह्याचा हा चांगला दाखला आहे.

आमच्या महाराष्ट्राचा संबंध ह्याच कालखंडांत येतो. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रीवैद्यक महाविद्यालयास त्यांनीं पत्र लिहून आपली योग्यता व अडचणी कळविल्या, महाविद्यालयानें त्यांस घेतलें, आणि १८८६ सालीं त्या पदवी घेऊन निघाल्या. त्यांचें तें पत्र तेथील संग्रहांत आजही आहे. हिंदी विद्यार्थ्यास त्या वेळीं द्वारपंडिताचें समाधान करणें पुरेसें होतें. डॉ. आंबेडकर १९१३ सालीं बडोद्याची शिष्यवृत्ति घेऊन कोलंबिया विद्यापीठांत गेले, तेव्हांही हिंदुस्थानास आशियाबंदीचा कायदा लागू नव्हता. तो १९१७ सालीं आला. त्यांतही विद्यार्थी अपवादांत होते; पण ह्यापुढें अपवाद म्हणूनच.

ह्या इतिहासांतील कळीचें कलम १९२४ च्या कायद्यांतील आहे. त्यानें विद्यार्थ्यास संख्येच्या मर्यादेंतून वगळिलें, परंतु दोन अटी घातल्या. तो ज्या विद्यालयांत जाणार तें सरकारमान्य असलें पाहिजे; आणि परदेशी विद्यार्थी वर्ग सोडून गेल्यास विद्यालयानें तें सरकारास कळविलें पाहिजे. कळविण्यांत कसूर झाल्यास विद्यालयाची मान्यता जाईल. बोलोन्याचा रक्षक गुरु येथें पहारेकरी झाला. १९५२ च्या कायद्यानें परदेशी विद्यार्थी हा तात्पुरता पाहुणा ठरला; २००३ पासून त्याची हजेरी, पत्ता, विषय हें सर्व संगणकाद्वारें विद्यालयें सरकारास कळवूं लागलीं. आणि २२ मे २०२५ रोजीं हार्वर्ड विद्यापीठाचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा अधिकारच सरकारनें काढून घेतला. तेथें असे विद्यार्थी सुमारें ६,८००, म्हणजे एकूण संख्येच्या चौथ्या हिश्शाहून अधिक. दुसऱ्याच दिवशीं न्यायालयानें त्या हुकुमास स्थगिति दिली. तथापि शंभर वर्षांपूर्वींच्या अटीचें शस्त्र किती दूरवर पोंचतें तें सर्वांस दिसलें.

इंग्लंडांतही हेंच. ऑगस्ट २०१२ मध्यें लंडन मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचा असा अधिकार काढला गेला व दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांस दुसरें विद्यापीठ शोधावें लागलें. त्याच वर्षीं शिक्षणानंतर कांहीं काळ नोकरी करण्याची सवलत बंद झाली. २०१०-११ मध्यें तेथें सुमारें ३९ हजार हिंदी विद्यार्थी होते. २०१६-१७ पर्यंत ते सुमारें साडेसोळा हजारांवर आले. २०२१ सालीं सवलत निराळ्या रूपानें परत आली, तेव्हां ओघही परत आला. कॅनडाची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. ऑन्टॅरियो प्रांतानें २०१९ सालीं देशी विद्यार्थ्यांचें शुल्क दहा टक्क्यांनीं उतरवून गोठविलें. कॉलेजांनीं ती तूट परदेशी विद्यार्थ्यांच्या चढ्या शुल्कांतून भरून काढली. जानेवारी २०२४ मध्यें मध्यवर्ती सरकारनें विद्यार्थिपरवान्यांस मर्यादा घातली, आणि कित्येक अभ्यासक्रम बंद करण्याची पाळी त्या कॉलेजांवर आली. एका सरकारनें ज्या आधारावर टेंकावयास लाविलें, तो दुसऱ्यानें काढून घेतला.

राज्याची बाजूही नमूद केली पाहिजे. केवळ परवाना मिळवून देण्यासाठीं काढलेलीं नांवाचीं कॉलेजें इंग्लंडांत होतीं. विद्यार्थी म्हणून येऊन घातपात केल्याचींही उदाहरणें अमेरिकेंत घडलीं. चौकी नसावी असें आमचें म्हणणें नाहीं. चौकीवरील मनुष्य काय तपासतो, हा आमचा प्रश्न आहे. तो विद्या व हेतु तपासत असेल तर चौकी सार्थ. केवळ नमुना तपासत असेल, तर कुंग अडतो आणि नमुना जुळविणारा भोंदू सुटतो.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. हुकूम सरकारी दप्तरांत राहतात. ज्यांच्यावर ते चालले त्यांचे कागद घरोघर असतात आणि पहिल्या साफसफाईंत जातात. आपल्या आप्तांपैकीं कोणी विद्येस्तव परदेशीं गेले असतील, किंवा जाऊं शकले नसतील, तर त्यांचे परवाने, स्वीकृतिपत्रें, नकारपत्रें, मुलाखतीचीं बोलावणीं जपून ठेवावीं, त्यांवर तारीख व संबंध लिहून ठेवावा, व मालकाच्या संमतीनेंच ते संग्रहास द्यावे. नकारपत्रें विशेष जपावीं; मिळालेल्या पदवीची नोंद विद्यापीठांत असते, हुकलेल्या वर्षाची कोठेंच नसते.

त्या मुलाच्या एकतीस कागदांची यादी आम्हीं करून ठेविली आहे. स्वीकृतिपत्र मात्र आम्हीं त्यास परत दिलें. पुढील सत्रासाठीं तो पुन्हां अर्ज करणार आहे, आणि तें त्यास लागेल.