छडीपूर्वी कान

‘व्हाइन’ म्हणजे वेल, ‘वाइन’ म्हणजे द्राक्षासव. हे दोन्ही शब्द एकसारखे उच्चारणाऱ्या एका मुलास आम्ही मंद ठरविले होते. पुढे भाषाशास्त्र वाचताना उमजले की मंदपणा आमचाच! मराठीत दोहोंस एकच ‘व’ पुरतो. इंग्रजीत पहिल्यास वरचे दात खालच्या ओठास लागतात, दुसऱ्यास ओठांचा चंबू होतो. तो दाखविताच मुलाचा उच्चार सुधारला.

इंग्रजीचे शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या तरुणांनो, हे शास्त्र अवश्य अभ्यासा. हैदराबादेस याच कार्यासाठी १९५८ साली निघालेली संस्था २००७ पासून केंद्रीय विद्यापीठ आहे. मुलाच्या चुकीत ज्यास त्याची मातृभाषा ऐकू येते, त्याच्या हातची छडी आपोआप गळून पडते.