बाभळीखालचा बी-२७५

पुणे-सोलापूर रस्त्याने निघावे आणि यवत किंवा केडगाव-चौफुल्यापासून उत्तरेकडे वळावे, म्हणजे आपण राहूच्या वाटेला लागतो. मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांच्या कुशीतला हा मुलूख. याला राहूबेट असेही म्हणतात. जिकडे पाहावे तिकडे ऊस, मधूनमधून गुऱ्हाळांची धुराडी आणि हंगामात रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग. माझे आजोळ इथले. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मी तिथे गेलो असताना मामांनी मला एका शेजाऱ्याच्या बांधावर नेले आणि वठलेल्या बाभळीखाली उभे असलेले एक तांबूस धूड दाखवले. ते म्हणाले, “याला उद्या भंगारवाला नेणार आहे. तू फिजिक्स शिकवतोस ना? मग हा चालू करून दाखव.”

ते धूड म्हणजे बी-२७५ जातीचा ट्रॅक्टर. तरुणपणी मामांनी तो भाड्याने चालवला होता. पंचक्रोशीतली हरळी त्यानेच उखडली, असे ते सांगतात. भंगाराच्या भावाने, म्हणजे वजनावर, आम्ही तो विकत घेतला.

या ट्रॅक्टरचे कुळ थोडे सांगायला हवे. ब्रिटनमधल्या डॉनकॅस्टर येथे इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९५८ पासून बी-२७५ बनवायला सुरुवात केली. त्या काळी आपल्याकडे ट्रॅक्टर जवळजवळ सगळे बाहेरूनच येत. १९६१-६२ साली साऱ्या भारतात मिळून अवघे ८८० ट्रॅक्टर तयार झाले होते. १९६३ मध्ये महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीतून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि मुंबईच्या कांदिवलीत बी-२७५ तयार होऊ लागला. पुढे १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी पहिला ट्रॅक्टर पाहिला तो हाच. याच्या इंजिनाचे नाव बीडी-१४४. यातला १४४ हा आकडा चारही सिलिंडरांचे मिळून आकारमान सांगतो, घन इंचांत. आपल्या मापात ते सुमारे २३६० घन सेंटिमीटर होते. शक्ती म्हणाल तर पस्तीसच्या आसपास अश्वशक्ती. आजच्या एखाद्या लहान मोटारगाडीची शक्ती याच्या दुप्पट असते. पण ती गाडी नांगराला जुंपून पाहा!

जुना ट्रॅक्टर घेताना आधी कागद पाहावेत. आर.सी. बुकातला इंजिनाचा आणि चेसिसचा क्रमांक यंत्रावर ठोकलेल्या क्रमांकाशी जुळतो का आणि बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा उतरवला आहे का, हे पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत. मग यंत्राकडे वळावे. मामांनी गिअरपेटीखालचा बोल्ट हळूच सैल केला आणि खाली पेला धरला. आधी पेलाभर पाणी आले, मग काळे तेल. पाणी तेलाहून जड, म्हणून ते तळाशी बसते. आठवीतल्या मुलालाही ठाऊक असलेली गोष्ट, पण आत किती पावसाळे मुरले आहेत हे तिने एका मिनिटात सांगितले.

इंजिन जाम होते. पंख्याची पुली दोघांनी मिळूनही हलेना. हेड उतरवल्यावर कारण दिसले. या ट्रॅक्टरचे धुराडे सरळ आभाळाकडे तोंड करून असते. शेतकरी त्यावर रिकामा डबा पालथा घालतात. इथला डबा कधीतरी वाऱ्याने उडाला होता. पावसाचे पाणी धुराड्यातून उतरून ज्या सिलिंडरची झडप उघडी राहिली होती तिथे, म्हणजे तिसऱ्यात, साचले. बाकीचे तीन बरे होते. लोखंड गंजते तेव्हा नुसते झिजत नाही, तर फुगते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरची भिंत यांमधली केसाएवढी फट त्या फुगलेल्या गंजाने पाचरीसारखी आवळली होती.

यावर गावातला सर्वमान्य उपाय म्हणजे गिअरमध्ये टाकून दुसऱ्या ट्रॅक्टरने हिसका देऊन ओढणे. तो करू नका. हिसक्याने पिस्टन सुटेलही, पण कनेक्टिंग रॉड वाकण्याची भीती मोठी. आम्ही डिझेल आणि पातळ तेल यांचे मिश्रण तिसऱ्या सिलिंडरमध्ये ओतले आणि वाट पाहिली. दिव्याच्या वातीत तेल चढते त्याच केशाकर्षणाने ते फटीत शिरते, पण त्याला घाई चालत नाही. रोज सकाळी मामा पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोकत. अकराव्या दिवशी पिस्टन गव्हाच्या दाण्याएवढा खाली सरकला. त्या दिवशी मामांनी सगळ्यांना पेढे वाटले. मला ते जरा लवकर वाटले होते.

सिलिंडर घासून, कड्या बदलून, हेड बसवून इंजिन तयार झाले. सेल्फ मारला. घुर्र घुर्र झाले, धूरही नाही. इथे डिझेल इंजिनाचे मर्म समजून घेऊ. पेट्रोल इंजिनात ठिणगी असते, डिझेलमध्ये नसते. हवा इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी, आणि मग तिच्यात डिझेलचा फवारा मारायचा. सायकलचा पंप मारताना त्याचे टोक गरम लागते, तीच ही गोष्ट. समजा १८ घन सेंटिमीटर हवा दाबून १ घन सेंटिमीटर केली आणि तिची उष्णता मुळीच बाहेर जाऊ दिली नाही, तर ३०० केल्व्हिनची हवा सुमारे ९५० केल्व्हिनला पोचते. म्हणजे जवळजवळ ६८० अंश सेल्सिअस. डिझेल आपोआप पेटायला अडीचशे अंशांच्या आसपास तापमान पुरते. मग अडते कुठे? प्रत्यक्षात थंड भिंती उष्णता ओढून घेतात आणि झिजलेल्या कड्यांतून हवा निसटते. बॅटरी अशक्त असेल तर पिस्टन संथ चालतो आणि या दोन्ही चोरांना जास्त वेळ मिळतो. थंडीत म्हातारी इंजिने कुरकुरतात ती यामुळे.

मामांनी प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडले. तेलाने कड्यांची फट बुजते. तेल चमचाभरच सोडायचे, कारण हवेसारखे ते दबत नाही. जास्त झाले तर पिस्टन त्यावर आपटून रॉड वाकतो. तरीही इंजिन सुरू होईना.

दोष निघाला डिझेलच्या नळीत. तिथे हवा अडकली होती. हा हिशेब मी मुद्दाम मांडून दाखवतो, कारण तो मला स्वतःला फार आवडला. नोझल उघडायला शंभराहून अधिक वातावरणांचा दाब लागतो. पंप एका खेपेस सुमारे ४० घन मिलिमीटर डिझेल पुढे ढकलतो. नळीत नुसते डिझेल असेल तर ते दबत नाही, दाब क्षणात चढतो आणि फवारा उडतो. पण नळीत १ घन सेंटिमीटरचा, म्हणजे १००० घन मिलिमीटरचा बुडबुडा असेल तर? पंपाने ४० ढकलले की बुडबुडा आकसून ९६० होतो आणि बॉइलच्या नियमाप्रमाणे दाब वाढतो जेमतेम ४ टक्के. कुठे शंभर पट आणि कुठे चार टक्के! बोरीएवढ्या बुडबुड्याने दोन टनांचे यंत्र अडवून धरले होते. नोझलजवळचे नट सैल करून, फेस जाऊन स्वच्छ डिझेल येईपर्यंत पंप मारला. यालाच मिस्त्री लोक ‘एअर काढणे’ म्हणतात. एक सूचना: चालू इंजिनाच्या नोझलसमोर कधीही हात धरू नये. तो फवारा कातडी भेदून आत शिरतो.

चौथ्या सेल्फला पांढरा धूर आला, मग काळा, आणि मग धडधड सुरू झाली. मामा काही बोलले नाहीत. धुराड्यावरचा डबा हातात धरून नुसते उभे होते.

आता मला एक कबुली द्यायची आहे. आठवड्याने आम्ही त्याच वठलेल्या बाभळीचा बुंधा उपटायला निघालो. चालवायला मामेभाऊ, साखळी बांधायला मी, आणि बाजूला त्याचा नववीतला मुलगा. खालच्या हुकावरून साखळी सारखी निसटत होती. म्हणून मी ती वर, टॉपलिंकच्या कानाला अडकवली. जमिनीपासून जवळजवळ एक मीटर उंचीवर. मामेभावाने पहिला गिअर टाकून क्लच सोडला. बुंधा हलला नाही. पुढची दोन्ही चाके मात्र शांतपणे जमीन सोडून वर आली, गुडघ्याएवढी. बांधावरून मामा ओरडले, “क्लच दाब!” त्याने दाबला आणि ट्रॅक्टर धाडकन खाली आला. कोणाला काही झाले नाही. वीस वर्षे परिबल शिकवणाऱ्या माणसाने ती साखळी बांधली होती.

संध्याकाळी त्या मुलाने विचारले, “काका, खाली बांधली होती तेव्हा का नाही उचलला?” तेव्हा आम्ही वहीवर हिशेब केला. तो तुम्हीही करा. समजा ट्रॅक्टरचे वजन १८०० किलो, त्यातले ६३० किलो पुढच्या चाकांवर, आणि पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर १.९ मीटर. मागचे चाक जमिनीला टेकते तो बिंदू तरफेचा टेकू धरा. पुढचा भाग खाली धरून ठेवणारे परिबल ६३० × १.९, म्हणजे सुमारे १२०० किलो-मीटर. आता मागे ओढणारी साखळी. कोरड्या घट्ट जमिनीवर टायर साधारण वजनाच्या सात दशांश इतकी ओढ देऊ शकतो. सारा भार मागच्या चाकांवर आला असे धरले तर १२६० किलो. त्याहून जास्त जोर लावला तर चाक घसरून जागीच फिरते. हुक ४० सेंटिमीटर उंचीवर असेल तर उलटवणारे परिबल १२६० × ०.४, म्हणजे ५०४. बाराशेच्या निम्मेही नाही. चाक घसरेल, पण ट्रॅक्टर उलटणार नाही. साखळी एक मीटरवर बांधली की तेच १२६० होते. बाराशेहून जास्त! चाक घसरण्याआधीच पुढचा भाग उचलला जातो. आणि चाक चिखलात रुतून जखडले असेल तर घसरण्याची सोयही उरत नाही. चाक फिरत नाही म्हणून इंजिन सगळ्या ट्रॅक्टरलाच चाकाभोवती फिरवू पाहते. पूर्ण उलटायला दीड सेकंद पुरतो, आणि ज्यानंतर क्लच दाबूनही उपयोग नसतो तो क्षण पाऊण सेकंदातच येतो. माणसाला धोका ओळखून पाय हलवायलाच जवळजवळ तेवढा वेळ लागतो. आम्ही वाचलो, कारण मामेभावाचा पाय क्लचवरून पुरता निघालेला नव्हता.

या अपघाताने पूर्वी फार माणसे मारली आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात आयर्लंडमध्ये हॅरी फर्ग्युसन नावाच्या यंत्रज्ञाला ट्रॅक्टरांची पाहणी करण्याचे काम मिळाले होते. नांगर दगडाला अडला की मागे साखळीने बांधलेला ट्रॅक्टर उलटून चालकाच्या अंगावर येई. फर्ग्युसनने नांगर साखळीने ओढायचे सोडून तीन दांड्यांनी ट्रॅक्टरलाच जोडला: खाली दोन, वर एक. माती फाळाला मागे रेटते तेव्हा नांगर पुढे कलंडू पाहतो. त्यामुळे वरची दांडी दाबली जाते आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना जमिनीकडे रेटते. जी ओढ ट्रॅक्टर उलटवत होती तिच्याकडूनच त्याने तो खाली धरून ठेवण्याचे काम करून घेतले. १९३८ मध्ये त्याने हेन्री फोर्डशी नुसत्या हस्तांदोलनावर करार केला आणि १९३९ मध्ये ही जोडणी असलेला फोर्ड ट्रॅक्टर बाजारात आला. पुढे भांडण होऊन प्रकरण न्यायालयात गेले, पण तीन दांड्या मात्र जगभर पोचल्या. एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचला तोही फर्ग्युसनच्याच ट्रॅक्टरांवर. आमच्या बी-२७५ च्या पाठीशीही त्याच तीन दांड्या आहेत. यातली वरची दांडी काढून तिच्या कानाला मी साखळी बांधली होती, म्हणजे फर्ग्युसनचे सगळे शहाणपण मी एका गाठीत उलटे केले.

उसाच्या हंगामात पुढची चाके अधांतरी नाचवत जाणारे ट्रॅक्टर तुम्ही पाहिले असतील. तिथे कारण थोडे निराळे असते. दोन चाकी ट्रॉलीचा भार मागच्या चाकांच्याही मागे हुकावर पडतो आणि साधी तरफ तयार होते. चाके हवेत असली की स्टिअरिंग फिरवून काही उपयोग नाही, हे मात्र चालकाला रस्त्यावर वळण आल्यावरच कळते. काही जण टाळ्या वाजवतात. मला ते पाहवत नाही. स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरांवर चालकाभोवती संरक्षक चौकट सक्तीची केली. जुन्या ट्रॅक्टरांना ती नसते. आम्ही आमच्या ट्रॅक्टरला जाड नळ्यांची चौकट बसवून घेतली, सीटला पट्टा लावला आणि पुढे वजने टांगली. या खर्चावर मामा कुरकुरले. ट्रॅक्टर घेतला त्याच्या निम्मे पैसे त्यात गेले.

तुमच्या घरी किंवा शेजारी ट्रॅक्टर असेल तर इंजिन बंद असताना टेप घेऊन जा. हुकाची जमिनीपासून उंची मोजा, दोन चाकांमधले अंतर मोजा, कागदपत्रांत वजन सापडते का पाहा, आणि वरचा हिशेब तुमच्या आकड्यांनी करा. आमच्या हुकाची उंची भरली ४२ सेंटिमीटर. साखळी निसटू नये म्हणून त्या मुलाने हुकाला एक खिटी करून बसवली आहे, आणि टॉपलिंकच्या कानावर तांबड्या रंगाने फुली मारली आहे. बाभळीचा बुंधा आम्ही शेवटी कुदळीने खणून काढला. तीन दिवस लागले.