भूक थायरॉइड ठरवत नाही

‘मला थायरॉइड आहे, म्हणून सारखी भूक लागते आणि वजन वाढतं.’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. वस्तुस्थिती बरीचशी याच्या उलट आहे. थायरॉइड ग्रंथी मंदावली की भूक बहुधा कमी होते. तरी वजन चढतं, कारण शरीराचा ऊर्जाखर्च घटतो. शिवाय त्या वाढीतला मोठा भाग चरबीचा नसून अंगात साठलेल्या मिठा-पाण्याचा असतो. ही वाढ साधारण २ ते ५ किलोंची. वीस किलो वाढले तर त्याचं सगळं खापर थायरॉइडवर फोडता येत नाही. उलट ग्रंथी जास्त काम करू लागली, तर भूक खवळते आणि तरीही बहुतेकांचं वजन उतरतं.

भुकेचा निर्णय मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये होतो. जठरातून येणारं घ्रेलिन हे संप्रेरक जेवणाआधी वाढतं आणि भूक चेतवतं. चरबीच्या पेशींतून येणारं लेप्टिन शरीरात साठा किती आहे ते कळवतं. लेप्टिनचा शोध १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लागला, घ्रेलिनचा १९९९ साली जपानमध्ये.

थायरॉइडशी लेप्टिनचं नातं मुख्यतः मेंदूमार्गे जुळतं, आणि मला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खाणं फार तोडलं की लेप्टिन घसरतं, हायपोथॅलॅमस थायरॉइडला चालना देणारा संदेश कमी करतो आणि रक्तातलं टी३ हे थायरॉइड संप्रेरक उतरतं. १९९६ साली उपाशी ठेवलेल्या उंदरांना लेप्टिन टोचल्यावर थायरॉइड संप्रेरकांची ही घसरण बरीच रोखली गेली. म्हणजे ग्रंथी बिघडलेली नसते. शरीर काटकसर करत असतं. अर्धपोटी राहून वजन उतरवणाऱ्यांना थंडी वाजते, थकवा येतो, त्यामागे हेही एक कारण असतं. एकादशीच्या एका उपवासाने मात्र ग्रंथीला इजा होत नाही.

दुसरी गफलत रिपोर्ट वाचताना होते. स्थूल व्यक्तीचं टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक, किंचित वाढलेलं दिसलं की तेच वजनाचं कारण ठरवलं जातं. पण चरबी वाढली की लेप्टिन वाढतं, आणि त्यामुळेही टीएसएच थोडं वर सरकू शकतं. अशा वेळी टीएसएचची वाढ हा स्थूलपणाचा परिणाम असतो, आणि वजन घटल्यावर अनेकांचं टीएसएच औषधाविना खाली येतं. म्हणून एका आकड्यावरून थायरॉइडची गोळी सुरू करण्याऐवजी पुन्हा तपासणी, टी४ (थायरॉक्सिन) आणि थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं यांबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं.

निरोगी माणसाने बारीक होण्यासाठी थायरॉक्सिन घेणं हा तर सरळ धोका आहे. जास्त मात्रेने हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात, आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात.