स्वमग्न मूल आणि वर्गातली चिडवाचिडवी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज : स्वमग्न मुलांना मित्र नकोच असतात.
वस्तुस्थिती : अनेकांना मैत्री हवी असते, ती कशी जुळवायची हे उमगत नाही. 'जा, खेळ त्यांच्यात' एवढ्याने भागत नाही. खेळात शिरताना काय विचारायचं, आऊट झालं तर काय करायचं, हे घरी एकेक पायरीने करून दाखवावं लागतं. अमेरिकी शिक्षिका कॅरॉल ग्रे यांच्या 'सोशल स्टोरीज' याच कामाच्या : मुलाच्या एखाद्या प्रसंगावर बेतलेल्या छोट्या गोष्टी.

गैरसमज : डोळ्यांत पाहून बोलायला शिकवलं, की निम्मं काम झालं.
वस्तुस्थिती : अनेकांना नजर भिडवणं असह्य होतं. जबरदस्ती केली, की सगळं लक्ष पाहण्यात जातं आणि ऐकणं राहून जातं.

गैरसमज : संवाद तुटतो तो मुलामुळेच.
वस्तुस्थिती : स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी 2012मध्ये मांडलं, की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. म्हणून धडे वर्गालाही हवेत.

गैरसमज : कुणी छळलं तर मूल सांगेलच.
वस्तुस्थिती : हसत केलेली टिंगल त्याला मैत्री वाटू शकते. 'कुणी त्रास दिला का?' यापेक्षा 'मधल्या सुट्टीत कुठे बसलास? डबा कुणी खाल्ला?' असं नेमकं विचारा. शाळेत जायला नकार, उडालेली झोप, वारंवार हरवणाऱ्या वस्तू यांकडे लक्ष ठेवा.

गैरसमज : 'दुर्लक्ष कर' किंवा 'तूही एक ठेवून दे', हाच उपाय.
वस्तुस्थिती : दुर्लक्षाने छळ थांबेलच असं नाही, आणि उलट मारलं की बहुधा आपलं मूलच पकडलं जातं. 'थांब, मला हे आवडत नाही' म्हणणं, तिथून निघणं आणि आधीच ठरलेल्या बाईंकडे किंवा सरांकडे जाणं, याचा सराव करून घ्या.

गैरसमज : पोरं चिडवणारच, शाळा काय करणार?
वस्तुस्थिती : दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016मधल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे. सरकारी अनुदान वा मान्यता असलेल्या शाळांनी भेदभाव न करता शिकवावं, असं त्याचं कलम 16 सांगतं. तारीख आणि प्रसंग लिहून शाळेकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. गरज पडली तर 1098 ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे.

चिडवणं थांबवणं ही मोठ्यांची जबाबदारी आहे. ती मुलाच्या अंगावर टाकू नका.