ताप कां येतो?

संध्याकाळीं खेळून आलेलें मूल एकाएकीं पांघरूण मागतें. हातपाय गार, दांत वाजत आहेत, आणि कपाळाला हात लावावा तों तें तापलेलें! आंगांत ताप असतां थंडी कां वाजावी, हें कोडें आईला पडतें. पण त्या वेळीं तें सोडविण्यास सवड कोठून?

याचें उत्तर मेंदूच्या तळाशीं आहे. तेथील बदामाएवढा एक भाग शरीराची उष्णता ३७ अंश सेंटिग्रेडच्या, म्हणजे ९८.६ अंश फॅरनहाइटच्या आसपास राखतो. रोगजंतु शिरले कीं पांढऱ्या पेशी त्यांच्याशीं झुंजतात व त्याच वेळीं कांहीं द्रव्यें रक्तांत सोडतात. त्यांच्या योगानें मेंदूंत प्रोस्टाग्लॅंडिन नांवाचें द्रव्य तयार होतें, आणि हा नियामक आपली खूण ३७ वरून, समजा, ३९ वर नेऊन ठेवतो. आतां ३७ अंशांचें शरीर त्याला थंड भासूं लागतें. मग उष्णता बाहेर जाऊं नये म्हणून त्वचेच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून हातपाय गार. आणि स्नायु थरथरून उष्णता उत्पन्न करतात, म्हणून हुडहुडी. पुढें जंतूंचा जोर ओसरला कीं खूण खालीं येते व जास्त झालेली उष्णता घामावाटे निघून जाते.

ही वाढलेली उष्णता व्यर्थ नसते. १९७५ सालीं अमेरिकेंत क्लूगर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं वाळवंटांतील सरड्यांना जंतुसंसर्ग करून निरनिराळ्या उष्णतेंत ठेविलें. अधिक उष्णतेंत ठेविलेले सरडे अधिक संख्येनें वांचले. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लॅंडिनची उत्पत्ति थांबवितें, हें जॉन व्हेन यांनीं १९७१ सालीं दाखविलें. अर्थात् अशा औषधानें खूण उतरते, रोग्याला आराम पडतो. जंतु मात्र मरत नाहींत. मुलांना तर ॲस्पिरिन डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून देऊंच नये.

उन्हाच्या तडाख्यानें आंग तापतें ती गोष्ट निराळी. तेथें खूण जागींच असते, म्हणून तापाचें औषध निरुपयोगी. रोग्याचें आंग तात्काळ पाण्यानें थंड करून त्याला रुग्णालयांत न्यावें लागतें.

साध्या तापांत भरपूर पाणी, हलकीं वस्त्रें व विश्रांति यांवर भर द्यावा. परंतु मूल तीन महिन्यांच्या आंतील असून ताप ३८ अंशांवर गेला, किंवा कोणाचीहि मान ताठरली, श्वास लागला, अथवा हांक मारूनहि नीट शुद्ध येईना, तर घाम फुटण्याची वाट न पाहतां डॉक्टर गांठावा.