झाडाखालची ओल

चैत्र संपत आला कीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणीच्या बाजूला जमीन भाजून निघते. पावसाळ्यांत शंभर इंचांच्या आसपास पाऊस घेणाऱ्या या मुलखांत कित्येक पाड्यांवरच्या बायकांना हंडाभर पाण्यासाठीं वणवण करावी लागते. नेमक्या त्याच दिवसांत कुसुंबाला तांबडी, कोंवळी पालवी फुटलेली असते. झाडानें हें पाणी आणलें कोठून?

जमिनींतली ओल नजरेनें कळत नाहीं, मोजावी लागते. सर्वांत जुनी आणि अजूनहि भरंवशाची रीत तराजूची. गिरमिटानें ठराविक खोलीवरची माती काढून लगेच घट्ट झांकणाच्या डबींत तोलावयाची, १०५ अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या भट्टींत दिवसरात्र वाळवून पुन्हां तोलावयाची. १२० ग्रॅम माती वाळून १०० ग्रॅम भरली, तर ओल शेंकडा २०. भागावयाचें तें वाळल्या मातीच्या वजनानें, ओल्या नव्हे. नवशिके येथें हटकून चुकतात.

झाडाभोंवतीं मात्र एका डबीनें भागत नाहीं. बुंध्याशीं, सांवलीच्या कडेला, उघड्यावर. शिवाय वीतभर, हातभर व त्याखालीं, अशी निरनिराळी माती घ्यावी लागते. बुंध्यावरून ओघळलेलें पाणी मुळाशीं जिरतें, पाचोळा ओल राखतो. उलट पानें कांहीं पाऊस वरच अडवितात आणि मुळें ओल शोषतात. सांवलींतली माती नेहमींच अधिक ओली, ही समजूत खरी नव्हे.

आंकडाहि फसवा असतो. रेताड मातींत शेंकडा १५ ओलीवर रोप तरारेल, चिकणमातींत तेवढ्यावरच कोमेजेल. कारण बारीक कण पाणी घट्ट धरून ठेवतात. ही धरण मोजण्यासाठीं टेन्शिओमीटर, म्हणजे सच्छिद्र टोंकाची पाणी भरलेली नळी, जमिनींत पुरतात. कोरडी माती पाणी खेंचूं लागली कीं कांटा सरकतो. पण माती फारच सुकली म्हणजे नळींत हवा शिरते, आणि ऐन उन्हाळ्यांत, गरजेच्या वेळींच, तें यंत्र मुकें होतें!

जव्हार-मोखाड्याच्या उतारांवर माती उथळ, खालीं काळा पाषाण. गिरमिट हातभर जातें न जातें तोंच खडखडतें. जुन्या झाडांचीं मुळें खडकाच्या भेगांत उतरतात. तेथली ओल डबींत येत नाहीं. आषाढांत लावलेल्या रोपाचीं मुळें पहिल्या उन्हाळ्यापर्यंत तेथवर सहसा पोंचत नाहींत. त्याचा जीव वरच्या हातभर मातीवर. म्हणून रोपांची जागा शेजारच्या हिरव्या कुसुंबाकडे पाहून ठरवूं नये. फाल्गुनांत तेथली माती तोलून ठरवावी.