दारू सुटली, मग ही गोळी कशाला?

दारू सोडलेल्या माणसाला मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या लिहून दिल्या की घरात हमखास एक शंका निघते : "एक व्यसन सुटलं, आता हे दुसरं लावून घ्यायचं का?" शंका रास्त आहे. फक्त तिचं उत्तर प्रत्येक गोळीसाठी वेगळं आहे.

पहिली गोळी विड्रॉवलची. दारू मेंदूला मंदावते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्याविरुद्ध जोर लावून चालायला सरावतो, त्यामुळे दारू एकदम थांबली की हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते, भास होतात. यावर डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम देतात, डोस उतरवत साधारण आठवड्याभरात बंद करतात. जोडीला थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व असतं. ही औषधं मेंदूत दारूच्याच वाटेने काम करतात. म्हणून ती लागू पडतात आणि म्हणूनच त्यांची सवयही लागते. जुनी चिठ्ठी दाखवून ती परस्पर आणत राहायची नसतात.

दुसरी गोळी उदासीची. निव्वळ दारूमुळे आलेली उदासी बहुतेकदा पिणं थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांत ओसरते, म्हणून डॉक्टर कधी कधी थोडं थांबून पाहतात. मात्र नैराश्य दारूच्या आधीपासूनचं असेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर थांबण्यात अर्थ नसतो. मग सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम अशी औषधं सुरू होतात. त्यांनी नशा चढत नाही, तलफ लागत नाही. सुरुवातीला उलट मळमळच होते आणि गुण यायला दोन ते सहा आठवडे जातात. बरं वाटू लागल्यावरही ती साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवतात. एकाएकी सोडली तर चक्कर येते, चिडचिड होते. शरीराला सवय झालेली असते, म्हणून डोस हळूहळू उतरवायचा; तरीही याला व्यसन म्हणत नाहीत.

आता घरातली पट्टी उलटी करून पाहा. आपल्याकडे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतात. समोर ब्रँडचं नाव, मागे बारीक अक्षरांत दोन औषधं. यातलं क्लोनाझेपाम सवय लावणाऱ्या गटातलं. 'डिप्रेशनची गोळी' म्हणून घेणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. तसं दिसलं तरी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. बरेच दिवस घेतलेलं क्लोनाझेपाम अचानक थांबवलं तर फिट येऊ शकते. डॉक्टरांना सरळ विचारा : "मला दारूचं व्यसन होतं. यात सवय लागणारं काही आहे का? किती दिवस घ्यायचं?"

दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या सभेत एखादा जुना सदस्य म्हणतो, "गोळ्या खातोस तोवर तू सोबर नाहीस." ही एएची भूमिका नाही. सदस्यांनी डॉक्टरकी करू नये, असं त्यांच्याच पुस्तिकेत बजावलेलं आहे. १९३५ साली एए सुरू करणाऱ्या दोघांपैकी बिल विल्सन स्वतः दारू सोडल्यावर वर्षानुवर्षं नैराश्याशी झगडत होते.

घसरण झालीच, तर लाजेपोटी डॉक्टरांना टाळू नका. दारू आणि क्लोनाझेपाम एकत्र पोटात गेली तर श्वास मंदावू शकतो. त्यामुळे किती प्यायलात, कोणती गोळी कधी घेतलीत, हे त्यांना लगेच कळायला हवं. पुढच्या तपासणीला घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, डोकेदुखीच्या आणि खोकल्याच्या औषधासकट.